चालू संडासाची अट

वर्षाराणीच्या माणसांची अट एकच होती आणि तिच्या आत्यानं, धोंडुबाईनं, ती भर बैठकीत खणखणीत सांगितली. "मानपान तुमच्या मनानं करा. पर संडास घरात पाहिजे, आनि त्यो चालू पाहिजे."

'चालू'वर एवढा जोर द्यायला कारण होतं. वर्षाराणीची थोरली बहीण मलकापूरकडं दिलेली. सोयरीक जमवताना त्या घरचा संडास बाहेरून झकास दिसला होता. लग्नानंतर पोरीनं दार उघडलं तर आत भुश्शाची पोती. ती अजून टमरेल घेऊन रानात जायची. त्यामुळं या खेपेला घर बघायला धोंडुबाई जातीनं येणार होती.

आणि मला ही मुलगी हवीच होती. पोहे घेऊन आली तेव्हा आमच्या मामानं तिला विचारलं, "सैपाक येतो का?" तर ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मला येतो. ह्यांला येतो का?" मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथ चालवणारा गडी, माझं काळीज तिथंच गरगर फिरलं. त्यानंतर दुसरी मुलगी बघायची म्हणजे मला शिक्षाच होती.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दिवाळीच्या आत संडास बांधून काढला. पांढऱ्या फरशा, निळं दार, मागं टाकी. पेठ वडगावजवळच्या आमच्या गावात असा संडास कुणाकडं नव्हता. बायका हळदीकुंकवाला याव्यात तशा बघायला येत होत्या आणि आई, चिमणाबाई तिचं नाव, प्रत्येकीला दार उघडून दाखवत होती.

पाहुणे रविवारी यायचे होते आणि त्याच आठवड्यात संडास फुगून बसला. बादली ओतली की पाणी खाली जायचं सोडून वर यायचं, बराच वेळ तसंच थांबायचं आणि मग 'गुडूप गुडूप' करत नाइलाजानं उतरायचं. शेजारच्या मोरीतून बुडबुडे यायला लागले. वासाचं तर बोलूच नये. म्हशी परवडल्या.

"प्लंबरला बोलवू या," मी म्हणालो.

"प्लंबर?" आण्णा कडाडले. "अरं, विहिरीत बुडी मारून मोटर वर काढलीया म्या. भांड्यातलं पानी घालवाय परका मानूस आनायचा व्हय?"

आमच्या आण्णांचा हा स्वभावच. गोठ्याचं दार असो, इंजिन असो, नाहीतर म्हशीचं बाळंतपण, सगळं स्वतः करायचं. त्यांनी वेळूला चिंध्या बांधून ढोसून बघितलं. गरम पाणी ओतलं. मग ॲसिडची बाटली रिकामी केली, तर आम्ही सगळे खोकत अंगणात. पाणी होतं तिथंच. मी चिडून बोलायला लागलो की ते म्हणायचे, "लगीन तुझं हाय म्हनून गप ऐकून घेतोय."

रविवारी सकाळपासून आई मटणाच्या पातेल्यापुढं होती. आण्णा मात्र कुणाला न सांगता विहिरीवर गेले, शेतीच्या मोटरचा पाइप ओढत आणला आणि त्याचं तोंड संडासाच्या भांड्यात घुसवून गोणपाटानं घट्ट आवळलं. मला दिसलं तोवर त्यांनी गड्याला हाक मारली होती, "कर रं चालू!"

ज्या पाण्यानं दोन एकर ऊस भिजतो, ते पाणी एका भांड्यात मावणार कसं? ते आत शिरलं, टाकीकडं वाट मिळेना म्हणून वळलं आणि मोरीतून जे उसळलं ते थेट आण्णांच्या टोपीवर. टोपी, मिशी, नवा सदरा, सगळं एका रंगाचं झालं. नेमकी तेव्हाच अंगणात जीप थांबली आणि धोंडुबाई खाली उतरली. पाहुणे ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आले होते.

मला रडू यायचं बाकी होतं. माझं लग्न मोरीतून वाहून चाललेलं मला डोळ्यांनी दिसत होतं.

पण वर्षाराणीचे वडील, गणपतराव, हेही आण्णांच्याच जातकुळीचे निघाले. त्यांचे डोळे चमकले. "पावणं, उलट्या बाजूनं मारा की प्रेशर!" असं म्हणत त्यांनी धोतर खोचलं. जीपचा ड्रायव्हरही पुढं सरसावला, त्याच्या मते सायकलच्या ट्यूबचा पंप करायला हवा होता. चहा बाजूला राहिला आणि दोन्हीकडचे पुरुष संडासाभोवती गोल करून उभे राहिले.

"बास!" धोंडुबाई अशी ओरडली की गोठ्यातल्या म्हशींनी माना वर केल्या. "ह्या इंजिनेरांच्या भरवशावर माझी भाची ऱ्हायाची व्हय? पोरा, जा, प्लंबर आन. संडास चालू झाला तर मी जेवनार. न्हाय झाला तर ही जीप अशीच म्हागारी."

मी एम-एटीला किक मारली आणि वडगावातून कृष्णातला उचलून आणला. कृष्णात प्लंबर म्हणजे मोठ्या तोंडाचा माणूस. त्यानं आधी सगळ्यांना रांगेत उभं केल्यासारखं झापलं. "एकदा तुंबलं तर रबरी पंप मारा, दोन बादल्या वता, मी न्हाय म्हनत न्हाय. पर मोरीतनं बुडबुडं आलं, वास सुटला, पुन्ना पुन्ना तुंबाय लागलं, की हात काढायचा आनि मला हाक मारायची. ॲसिड कुनी वतलं?"

आण्णा आभाळाकडं बघायला लागले.

कृष्णातनं लांब तारेची स्प्रिंग आत घालून फिरवली. काहीच अडकलं नाही. टाकीचं झाकण जरासं उचललं तर फुस्सकन हवा सुटली. त्याचा चेहरा बदलला. तो मागच्या बाजूला गेला, वर बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "टाकीतली हवा वर जायाचा पाइप हाय न्हवं ह्यो? त्याच्या तोंडावर मडकं कुनी बशीवलंय? आनि वर सिमेंट लावून!"

आम्ही सगळे मागं धावलो. उंच पाइपाच्या टोकावर काळं मडकं पालथं घातलेलं, त्याला चुन्याचे पांढरे ठिपके. नवं घर बांधलं की नजर लागू नये म्हणून टांगतात तसलं. हवा अडकली होती म्हणून पाणी खाली जात नव्हतं.

आई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"म्याच लावलं," ती हळूच म्हणाली. "समदं गाव बघून जाया लागलं. बायका म्हनायच्या, चिमणाबाईचं नशीब बघा. मला भ्या वाटलं." मग तिचा आवाज ओला झाला. "माझा निम्मा जलम अंधार पडायची वाट बघन्यात गेला. पोटात कळ आली तरी दिवस मावळंस्तवर दात आवळून बसायचं. म्हटलं, सुनंच्या वाट्याला ह्ये न्हाय यिऊ द्यायचं. म्हनून नजर लागाय नको…"

मी पोटचा पोरगा, पण आईच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. आण्णांनी ओली टोपी काढून हातात धरली.

कृष्णात शिडीवर चढला, ठोकून सिमेंट फोडलं आणि मडकं अलगद खाली दिलं. मग त्यानं बादली ओतली. घडघड आवाज करत पाणी एका दमात खाली गेलं. गणपतरावांनी टाळी वाजवली, आण्णांनी दुसरी बादली ओतली, मग गणपतरावांनी तिसरी. धोंडुबाईनं सगळ्यांना बाहेर काढलं, आत गेली, कडी लावली आणि निवांत बाहेर आली.

हातपाय धुऊन ती आईपुढं उभी राहिली. तिनं आईच्या हातातलं मडकं घेतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "आमच्या पोरीसाठी संडासाची नजर काढनारी सासू कुटं मिळनार? पोरगी दिली, इनबाई. मडकं आता घराच्या दारावर बांधा आनि पानं वाढा, भूक लागलीया."