ओठांच्या मागे राहिलेला आवाज

मित्रांनो, टीव्हीच्या खाली एक लांबट काळी पट्टी असते. टीव्ही पुसताना तिच्यावरून फडके फिरवायचे हमखास राहून जाते. ती पट्टी म्हणजे मी. मी एक जुना साउंडबार आहे. दोन हात लांब, वीतभरही उंच नाही. मला पडदा दिसत नाही, कारण तो माझ्या डोक्यावर असतो. मला दिसते ती समोरची खोली आणि पडद्याकडे पाहणारी माणसे. चित्र टीव्हीने दाखवावे आणि आवाज मी द्यावा, अशी आमची वाटणी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे जाड गादीच्या भिंतींची एक खोली होती. तिच्यात एक बाई बसे. येणाऱ्या प्रत्येक साउंडबारमधून ती एकच वाक्य ऐके, मान हलवी आणि शिक्का मारी. माझ्या वेळी तिने मान हलवली नाही. तिने ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकले आणि मग शिक्का मारला. तिला काय खटकले होते, ते मला कधीच कळले नाही. पुढे बरेच दिवस माझ्या मनात ती धाकधूक राहिली.

मग खोका, गोदाम, दुकान आणि शेवटी एक घर. घरात तिघे जण होते. एक सुतार, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण. बहिणीला दोघेही ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. सुतार पन्नाशीचा, दाराच्या चौकटीला डोके लागेल एवढा उंच, पण ताई त्याला अजून छोट्या म्हणे. त्याची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तिला मी वहिनी म्हणतो.

ताईने एकतीस वर्षे टेलिफोन ऑफिसात काढली होती. कानाला यंत्र लावायचे आणि या गावचा आवाज त्या गावाला जोडून द्यायचा, हे तिचे काम. निवृत्त झाल्यावरही तिला घरात स्वस्थ बसवेना. आठवड्यातून दोन सकाळी ती एका दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत विनावेतन बसू लागली. कुठला डॉक्टर कुठल्या मजल्यावर, रक्त कुठे द्यायचे, रिपोर्ट कधी मिळेल, हे सगळे तिला तोंडपाठ होते. घाबरलेल्या माणसाला ती आधी पाणी द्यायची आणि मग रस्ता सांगायची.

मला या घरात आणले ते तिच्यासाठीच. नवा टीव्ही पातळ होता, त्याच्या स्पीकरचे तोंड भिंतीकडे आणि आवाज चिरका. मला एका वायरने टीव्हीला जोडले. बातम्या सुरू झाल्या. ताईने हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाली,

"आता कसं! समोर बसून बोलतोय असं वाटतं."

मित्रांनो, इतके कौतुक मला पुन्हा क्वचितच मिळाले. दोन वर्षे मी मन लावून काम केले.

मग छोट्याच्या मनात आले की टीव्हीसाठी भिंतीवर एक देखणे कपाट करायचे. इतरांच्या घरी आयुष्यभर कपाटे केली, आपल्या घरी मात्र खिळ्याला टीव्ही, हे त्याला सलत होते. दीड महिना तो सुट्टीच्या दिवशी खपत होता. घासून घासून त्याने लाकूड इतके गुळगुळीत केले की हात ठेवला तर घसरावा. टीव्ही वरच्या खणात गेला, मी खालच्या. मागच्या फळीला त्याने विजेच्या वायरीपुरती बारीक भोके पाडली होती. पण मला टीव्हीशी जोडणाऱ्या वायरीचे टोक रुंद होते. ते काही त्या भोकातून जाईना.

छोट्याने टीव्हीच्या सेटिंगच्या यादीत शोधाशोध केली आणि मांडीवर थाप मारली.

"अगं, हा तर वायरीशिवायही जोडता येतो! बघ, एक वायर दिसते का कुठे?"

खरेच दिसत नव्हती. येणारे जाणारे कपाटाची वाहवा करू लागले. माझी वायर गुंडाळी होऊन खालच्या खणात पडली.

आता वायरीशिवाय आवाज येतो म्हणजे काय होते, ते सांगतो. टीव्ही आवाजाच्या लहान लहान पुरचुंड्या बांधतो आणि हवेतून माझ्याकडे धाडतो. मी त्या सोडतो, नीट लावतो आणि मग बोलतो. या सगळ्याला पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ जातो. पण तेवढ्यात पडद्यावरच्या माणसाचे ओठ पुढच्या शब्दावर गेलेले असतात. मला ते कसे कळणार? मी माझ्या परीने चोख बोलत होतो.

मला दिसत होती ती ताई. ती पुढे सरकून बसू लागली. मग कपाळाला आठ्या घालू लागली.

"काय म्हणाला रे तो?"

छोट्या सांगे. दोन मिनिटांनी पुन्हा, "काय म्हणाली ती?" छोट्या माझा आवाज वाढवी. मी ओरडू लागे. त्याने आवाज मोठा होई, उशीर तेवढाच राही. एखादा विनोद झाला की छोट्या आणि वहिनी हसत. ताई त्यांच्या तोंडाकडे बघे आणि मग हसे.

एकदा छोट्या वैतागून म्हणाला, "ताई, तुझे कान गेले बघ आता. दवाखान्यात लोकांना भलत्याच मजल्यावर धाडशील!"

तो थट्टेत बोलला होता. ताईही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून टीव्ही लागला की ती भाजी निवडायला आतल्या खोलीत जाऊ लागली. समोरची तिची खुर्ची रिकामी दिसे.

काही दिवसांनी, घरात वहिनी एकटी असताना, ताई एक कागद घेऊन आली.

"जरा वाचून बघ, शुद्धलेखन ठीक आहे ना. दवाखान्याला द्यायचाय. खिडकीचं काम सोडते म्हणून लिहिलंय."

वहिनी उभीच राहिली. "अहो ताई, का पण?"

"ऐकूच येत नाही गं मला धड. उद्या माझ्यामुळे कुणाचा जीव टांगणीला लागला म्हणजे? ज्या कानांवर एकतीस वर्षं खाल्लं, तेच फितूर झाले. कुणाला सांगू?"

वहिनीने कागद घडी करून स्वतःच्या वहीत ठेवला. "द्यायच्या आधी एकदा कान तपासून घेऊ. मापल्याशिवाय काही ठरवायचं नाही, अशी आमच्या प्रयोगशाळेची रीत आहे."

दोघी कानाच्या तपासणीला जाऊन आल्या. तिथे काय झाले ते मला रविवारी दुपारी कळले. छोट्या एका गिऱ्हाइकाकडे दार बसवायला गेला होता आणि वहिनी टीव्हीसमोर वही उघडून बसली होती.

"त्या कान तपासणाऱ्या बाई काय म्हणाल्या? गेल्या वर्षीच्या तपासणीइतकंच ऐकू येतंय. थोडं कमी आहे, पण वाढलेलं नाही."

"आणि तोंडापुढे कागद धरून बोलल्या तेव्हा निम्मे शब्द गेले माझे," ताई म्हणाली. "म्हणे, तुम्ही ओठ वाचता, हे ठाऊक आहे का तुम्हाला? मला काय ठाऊक! जन्मभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलले मी."

"खिडकीवर कळतं, कारण माणूस समोर असतो. मग टीव्हीवरचा माणूसही समोरच असतो की. तो का कळत नाही? आता एका वेळी एकच बदल करायचा आणि लिहून ठेवायचं."

पहिला बदल तिने माझ्यावरच केला. मला बंद केले आणि टीव्हीला त्याच्या स्वतःच्या चिरक्या आवाजात बोलू दिले.

ताई ऐकत राहिली. "बारीक आहे गं आवाज. पण कळतंय. प्रत्येक शब्द कळतोय!"

मित्रांनो, मला किती वाईट वाटले म्हणून सांगू! ज्या ताईसाठी मी या घरात आलो, तिच्या आणि शब्दांच्या मध्ये मीच उभा होतो. कारखान्यातली ती बाई मला आठवली. तिने आपल्याला उगाच पास केले, असे मला वाटले.

वहिनीने मला पुन्हा सुरू केले. पडद्यावर कोणीतरी दगड घडवत असावे, कारण माझ्यातून ठण्ण ठण्ण आवाज येत होता. ताईने डोळे मिटले, उघडले, परत मिटले. मग ती खुर्चीतून उठलीच.

"अगं, हातोडा वर गेल्यावर ठण्ण वाजतंय! आधी पडतो, मग वाजतो. ही तर परदेशच्या ट्रंक कॉलची तऱ्हा!"

"म्हणजे?"

"लांबच्या फोनवर आवाज उशिरा पोचायचा. इकडचा वाट बघून पुन्हा बोलायचा आणि तेवढ्यात तिकडचं उत्तर यायचं. दोघांची टक्कर. लोक ओरडायचे, भांडायचे. मी सांगायची, ओरडू नका हो, लाइन उशिराची आहे, बोलून झालं की थांबा." ती माझ्याकडे पाहू लागली. "माझे कान नाहीत गं बिघडलेले. ही लाइन उशिराची आहे."

वहिनीला हसू आवरेना. मग दोघी कामाला लागल्या. माझ्या पुस्तिकेत आवाज आणि चित्राचा मेळ घालण्याचे एक बटण होते. त्याचा आकडा शून्यावर होता. वहिनीने तो वाढवला. ठण्ण आणखी मागे पडले. तिने वहीतल्या कागदावर लिहिले की हा आकडा आवाजाला थांबवतो, पळवत नाही. आणि तो शून्यावर आणून ठेवला. तिचे बरोबर होते. चित्र मागे पडले तर मी थांबू शकतो. मीच मागे पडलो तर धावून गाठणे मला जमत नाही. मग तिने आम्हा दोघांच्या पिना काढल्या, पाच मिनिटांनी पुन्हा लावल्या. काही फरक पडला नाही.

"मधली हवाच काढून टाकू," वहिनी म्हणाली आणि खणातून माझी जुनी वायर बाहेर काढली.

वायर कपाटावरून बाहेरून लोंबत आणली. टीव्हीच्या मागे तीन सारख्या खाचा होत्या. पहिल्या खाचेत घातली तर मी मुकाच. वहिनीने विजेरी लावून पाहिले, तेव्हा एका खाचेशेजारी बारीक अक्षरात आवाजाची खूण सापडली. तिथे टोक बसवले, टीव्हीच्या यादीतून मला पुन्हा निवडले. हातोडा पडला आणि ठण्ण वाजले. "त्याच क्षणी!" वहिनी म्हणाली.

ताई हळूच माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि पदराने चष्मा पुसत राहिली.

एवढ्यात छोट्या आला. कपाटावरून लोंबणारी वायर पाहून तो दारातच थबकला.

"हे काय? कपडे वाळत घालायचेत का त्यावर?"

वहिनीने सगळे सांगितले. "मागच्या फळीला मोठं भोक पाडा. त्याशिवाय जाणार नाही."

"त्या फळीला? दीड महिना घासलंय मी ते! ताईला आवाज वाढवून देतो हवा तर."

वहिनीने वहीतला कागद काढून त्याच्या हातात दिला. तो उभ्या उभ्याच वाचू लागला. वाचता वाचता खाली बसला.

"ताई, हे... मी बोललो म्हणून?"

"तू बोललास, मला पटलं," ताई म्हणाली. "तुझ्या एकट्याचा काय दोष?"

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगू छोट्या? बहिरं होतंय माणूस, हे सांगायला पण धीर लागतो."

छोट्या उठला. पिशवीतून त्याने ड्रिल काढले. स्वतःच्याच कामावर ड्रिल लावताना त्याचा हात क्षणभर थांबला, पण क्षणभरच. भुसा उडाला. त्याने भोकाच्या कडा कानशीने घासून गोल केल्या, वायर आतून ओवली आणि भुसा आपल्या शर्टाच्या बाहीने पुसला. कागद त्याने ताईला परत दिला. तो आता दवाखान्याला देता येण्यासारखा राहिला नव्हताच. वहिनीने घाईत त्याच्याच पाठीवर सगळे प्रयोग लिहून ठेवले होते.

त्या संध्याकाळी एका मालिकेत कोणीतरी काहीतरी बाष्कळ बोलले. ताई हसली. तिच्यामागून छोट्या आणि वहिनी हसले. मंगळवारी ती नेहमीसारखी खिडकीवर गेली.

मित्रांनो, या गोष्टीला सात वर्षे झाली. माझे एक बटण आता आत रुतले आहे. उजवीकडचा माझा आवाज कधी कधी खरखरतो. ताईचे कान पुढे खरोखरच मंदावले. तिने कानाला यंत्र घेतले आणि खिडकीचे काम एका नव्या बाईला नीट शिकवून, आपल्या मर्जीने सोडले. दिवसातून दोनचारदा तरी ती "काय म्हणालास?" असे विचारते.

तेव्हा छोट्या काय करतो, ते मी रोज पाहतो. तो आतल्या खोलीतून ओरडत नाही. हातातले काम ठेवतो, बाहेर येतो, ताईच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसतो. एवढा उंच माणूस, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. आणि साध्या आवाजात तेच वाक्य पुन्हा सांगतो.

मला ओठ नाहीत. मी वेळेवर बोलावे एवढेच माझ्या हातात आहे, आणि तेही माझी वायर नीट असेल तर. म्हणून आम्हा मुक्या वस्तूंवरून अधूनमधून फडके फिरवा, जोडण्या तपासा. पण मित्रांनो, तुम्हाला ओठ आहेत. घरात कोणी "काय?" म्हणून विचारले, तर आवाज चढवू नका. उठा, त्यांच्या समोर जा, आणि पुन्हा सांगा.