थंड चरबीचा आकडा

हो, मीच तो कपाटातला प्रोब बोलतोय, अंगावर 'खराब' अशी चिठ्ठी डकवलेला. मी खराब नाही, हे आधी ऐकून घ्या.

सफाक्स शहरातल्या विद्यापीठात माझं काम सोपं होतं. मांसाच्या तुकड्यात एका बाजूनं मी माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, पलीकडच्या माझ्या भावानं तो पकडायचा. जाडी भागिले वेळ, झाला वेग. कातडी, चरबी, स्नायू, प्रत्येक थराचा वेग निराळा. त्या आकड्यांवरून इस्पितळातलं यंत्र गाठीचा कण काढायला सुई किती खोल घालायची ते सांगतं.

ईदच्या तिसऱ्या दिवशी प्राध्यापक लमजद, आमच्याकडच्या आदरानं 'सी' लमजद, घरच्या कुर्बानीच्या मेंढ्याची शेपटी घेऊन आले. आमच्या मेंढ्यांच्या शेपटीत चरबीच चरबी. शेपटी फ्रिजमधून निघाली ती थेट टेबलावर.

"कोमट पाण्यात ठेवू, अंगाइतकी ऊब येऊ दे. तासभर लागेल," मुंजिया म्हणाली. प्रयोगशाळा तीच सांभाळते.

"अगं, चरबी ती चरबी. उरलेली कुस्कुसात पडायचीय, बायको खोळंबलीय."

गारठून घट्ट झालेल्या चरबीतून माझा आवाज जोरात पळतो, उबेत मंदावतो. कातडी, चरबी, स्नायू, तिन्ही तशीच गार मोजायला लावली; मी होता तोच वेग सांगितला. तापमान मात्र कुणी लिहिलंच नाही. शहाणे म्हणे!

वर्षभरानं मुंजियाच्या आईच्या, बेय्याबाईंच्या, यकृतात वाटाण्याएवढी गाठ दिसली. बाई अंगानं भारी, चरबीचा थर जाड; वेग जास्त धरला की यंत्राला गाठ आहे त्याहून खोल वाटते. त्या आकड्याच्या भरवशावर सुई गाठ चुकवून चार मिलिमीटर पुढे गेली. सुईत आलेला कण तपासून डॉक्टर म्हणाले, काही नाही. बाई मात्र वाळत चालल्या.

मुंजियाला ती गार शेपटी आठवली. तिनं ताजी आणली, पाणी सदतीस अंशांवर आणलं आणि मला पुन्हा मोजायला लावलं. मग चरबीच्या नव्या आकड्याचा कागद घेऊन ती लमजदांपुढे उभी राहिली.

"सी लमजद, सही करा. सोमवारी उम्मीला पुन्हा सुई घालणार आहेत."

"करतो. पण कारण लिहिणार, प्रोब बिघडला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लिहा."

तिच्यावर माझा राग नाही. सोमवारी गाठ सापडली, उपचार सुरू झाले. पण या माणसाचा मला संताप येतो. मी बिघडलो होतो, तर त्या सकाळचे सगळेच आकडे खोडायला हवे होते. त्यानं चरबीचा एकच खोडला. कातडीचा आणि स्नायूचा, तेही गारच मोजलेले, अजून तक्त्यात आहेत. मला खुशाल भंगारात घाला, पण ते आधी खोडा. त्या सुईखाली अजून कुणाची तरी आई झोपणार आहे.