एक वजा आय

प्रज्ञाला पुण्याच्या गणित शिबिराला जायचं होतं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. ओतूरच्या कॉलेजातून बी.एस्सी.चं एकच पोर तिथं जाणार होतं आणि ते कोण, हे सावळेराम सरांच्या चाचणीवर ठरायचं. पिंपरी पेंढारहून एसटीनं येणाऱ्या या पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

चाचणीच्या दोन दिवस आधी सरांनी फळ्यावर वर्गसमीकरण मांडलं. एक मूळ आलं एक अधिक आय, आय म्हणजे वजा एकाचं वर्गमूळ. "दुसरं एक वजा आय. संमिश्र मुळं जोडीनंच येतात," असं म्हणून सर मोकळे झाले. वीस वर्षं ते त्याच वहीतून शिकवत होते. त्या वहीबाहेरचं जो लिहील त्याला शून्य, हे सगळ्यांना पाठ होतं.

प्रज्ञा उभी राहिली. "सर, सहगुणकांतच आय आहे, मग जोडी कशी लागेल? दुसरं मूळ दोन येतंय. ताळा करून बघा."

"बस खाली. फी माफ झाली म्हणून अक्कल वाढत न्हाई."

पोरं हसली. शेजारची मैत्रीण आरतीही हसली. प्रज्ञाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घरी परतताना एसटीत तिनं आरतीला दोन कसं येतं ते नीट समजावून सांगितलं. शिकवल्याशिवाय हिला राहवायचंच नाही, खुळी कुठली.

चाचणीच्या सकाळी आरती म्हणाली, "तुजं खरंय गं. पण पेपरात सरांचंच लिही. नायतर पुणं गेलं म्हणून समज."

नेमकं तेच समीकरण आलं. प्रज्ञानं एक वजा आय लिहिलं. स्वतःची लाज वाटली, पण लिहिलं.

सर काही मूर्ख नव्हते. त्यांनी घरी ताळा करून वही गुपचूप दुरुस्त केली होती. पेपर वाटताना त्यांनी प्रज्ञाचा वर धरला.

"परवा ही दोन म्हणत व्हती. आज बघा काय लिहिलंय. शून्य."

"सर, तुम्हीच सांगितलं होतं."

"माझं चुकतं, असं तूच म्हणलीस ना? मग माझं कशाला लिहिलंस?" सर वर्गाकडे वळले. "आरती चाचणीच्या आदल्या दिवशी घरी येऊन शंका विचारून गेली, तवाच तिला सांगितलं, दोनच बरोबर. असं पायजे."

आरतीनं फळ्यावर उत्तर मांडलं. एसटीत शिकलेली रीत, पायरीन् पायरी. सरांनी शिबिराचा फॉर्म तिच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. सर आपल्याकडेच बघतायत हे दिसल्यावर प्रज्ञानंही वाजवल्या.