तीन नंबरच्या खोलीतल्या सासूबाई

सासूबाईंनी फोनवरच बजावलं होतं, "मी इतरांसारखी खोली घेऊन राहणार. म्हणजे तक्रार करायला तोंड मोकळं!"

जावयाने लगेच तीन नंबरची खोली झाडायला घेतली. कारखान्यातली पक्की नोकरी सोडून त्याने चार खोल्यांचं अतिथिगृह काढलं, मागे भाजीची बाग केली, त्याला तीन वर्षं होत आली होती. बायको पोस्टात कामाला, त्यामुळे दिवसभराचा सगळा कारभार याच्याच गळ्यात. आणि सासूबाई म्हणजे तीस वर्षं इस्पितळात मेट्रन! 'चांगली नोकरी सोडून चादरी झटकतोय' हे त्यांचं वाक्य चार नातेवाइकांकडून फिरत फिरत त्याच्या कानावर आलं होतं.

त्या आल्या, तीन नंबरच्या खोलीत उतरल्या आणि चष्मा पुसून तपासणीला लागल्या. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. पलंगाखाली वाकून पाहिलं. मग बागेत जाऊन म्हणाल्या, "कोबीला अळी आहे."

"एखादी असते, आई. मी औषध मारत नाही, रोज हातानेच वेचतो."

"एखादी नाही, दोन," म्हणत त्यांनी दुसरी अळी तळहातावर धरून दाखवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. एक बाई, तिचे म्हातारे वडील आणि दोन लहान मुली उतरल्या. त्यांनी खोली आजची सांगितली होती. याने वहीत लिहिली होती उद्याची. चारही खोल्या भरलेल्या. ओसरीवर सासूबाईंनी वाचता वाचता वर्तमानपत्र हळूच खाली केलं.

"चूक माझी आहे," तो सरळ म्हणाला. "अर्धा तास द्या. हातपाय धुवा, तोवर पाणी आणतो."

सासूबाईंची खोली मागायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने आपलीच खोली मोकळी केली. कपाटातले कपडे गाठोड्यात बांधून स्वयंपाकघरात टाकले, केर काढला, फरशी पुसली. मध्येच बागेत धावला, शेंगा तोडल्या आणि आजोबांना दात नाहीत हे पाहून कोवळा दुधी काढून शिजत टाकला. धुतलेली चादर त्याने पलंगावर फेकली, तर पलीकडचं टोक कुणीतरी झेललं.

"ओढा तिकडून," सासूबाई म्हणाल्या.

दोघं कोपरे दुमडायला लागले. त्याचे दोन्ही आधी झाले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, मग वळसा घालून येऊन त्याच्या दुमडीवरून अंगठा फिरवला. कुठे ढिली नव्हती.

"आई, तुम्ही कशाला..."

"गप्प बसा. जावईबापू, माझ्या वॉर्डात तुम्ही टिकला असता. भले भले टिकले नाहीत."

एवढंच बोलून त्या उशांचे अभ्रे घालायला लागल्या. त्याने आधीच पुसलेली फरशी पुन्हा एकदा पुसली. कारखान्यात उत्कृष्ट कामगार म्हणून टाळ्या पडल्या होत्या, त्याही यापुढे फिक्या होत्या.

आजोबांनी दुधी दोनदा मागून घेतला. मुली बागेत टोमॅटो शोधत हिंडल्या. संध्याकाळी बायको कामावरून आली, तेव्हा हा वाफ्यांना पाणी घालत होता. छाती पुढे, मान ताठ. तिने जरा वेळ पाहिलं आणि काळजीने विचारलं,

"अहो, पाठ धरलीय का?"