डॅशबोर्डावरचं एक मीटर

घरात सगळे त्यांना बाबा म्हणत आणि छोट्या गाड्या बनवणाऱ्यांच्या हौशी मंडळात मीटरवाले. उभा जन्म बस डेपोत गाड्यांना मीटर बसवण्यात गेला होता. निवृत्तीनंतर तळहातावर मावतील अशा मोटारी जोडायचा नाद लागला, तरी डेपो काही अंगातून गेला नव्हता. मंडळातले बाकीचे लोक बाहेरच्या रंगाला आरशासारखी चकाकी यावी म्हणून जिवाचं रान करायचे, आणि बाबा आपले आतल्या नखाएवढ्या डॅशबोर्डात डोकं घालून बसायचे.

"आतलं कोण बघणार आहे, बाबा?" मुलगा म्हणायचा. "छत बसलं की सगळं झाकलं."

"ज्याला बघायचंय तो काचेतून वाकून बघेल," बाबा म्हणायचे आणि पुन्हा भिंगाखाली मान घालायचे.

या खेपेची गाडी जुन्या काळची, दगडाधोंड्यांच्या रस्त्यावर शर्यती करणारी. आत दोन खोलगट सीटा, त्यांच्यामागे आग विझवायचं नळकांडं आणि मीटरांनी गच्च भरलेला डॅशबोर्ड. मीटरांच्या तबकड्या, सीटच्या पट्ट्यांवरची अक्षरं, नळकांड्यावरची सूचना, सगळं डिकॅलच्या एका कागदावर छापून आलं होतं. डिकॅल म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चित्र. कापायचं, कोमट पाण्यात बुडवायचं, कागदावरून सुटं झालं की ओल्या ब्रशनं हळूच घसरवत जागेवर न्यायचं. सांगायला सोपं.

पण बोटांनी दगा दिला. थरथर गेल्या हिवाळ्यापासूनच होती, बाबांनी ती चहाच्या कपामागे लपवली होती. आज दोन सीटांमधल्या कप्प्यावर काळं जाळीदार चित्र बसवताना ते चिमट्याला चिकटलं, स्वतःभोवती गुंडाळलं आणि त्याचा ओला गोळा झाला. बाबांनी तो गोळा पाण्याच्या वाटीत टाकला, वाटीवर बशी झाकली आणि जेवायला बसले.

"आज गप्प गप्प?" सूनबाईनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणता आणि डाळीत तिसऱ्यांदा मीठ घालताय."

सूनबाई पार्लरमध्ये लोकांच्या नखांवर नक्षी काढायची. एवढंच बाबांना माहीत होतं. ती नक्षी कशी काढते, हे काही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिनं उठून सरळ बाबांच्या वाटीवरची बशी उचलली, आत डोकावली आणि हसली.

"अहो, हे तर आमचंच काम! नखांवर अशीच पाण्यातली चित्रं बसवतो आम्ही. फक्त नखं हलतात, गिऱ्हाईक फोनवर बोलतं आणि मध्येच शिंकतं. तुमची गाडी बिचारी शांत तरी बसते."

"ते गेलं आता," बाबा म्हणाले.

"कुठे गेलंय? पाण्यात आहे ना, म्हणजे जिवंत आहे."

तिनं वाटीत बारीक ब्रश घातला आणि गोळ्याभोवती नुसतं पाणी हलवत राहिली. ओढलं नाही, टोचलं नाही. एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि बघता बघता ते चित्र पाण्यावर अख्खं उलगडलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं खिडकीजवळच्या टेबलाला बसले. बाबा चित्रं कापून देणार, सूनबाई बसवणार, असं ठरलं. जाळीदार चित्र कप्प्यावर बसलं, पण कडांवर ताठ राहिलं. तेव्हा तिनं त्यावर चित्र मऊ करायच्या औषधाचा थेंब सोडला, आणि चित्राला सुरकुत्याच सुरकुत्या पडल्या.

"अगं, विरघळलं!" बाबांनी बोट पुढे केलं.

फट्कन त्यांच्या हातावर चापट बसली.

लग्न होऊन घरात आल्यापासून तिनं सासऱ्यासमोर आवाजही चढवला नव्हता. तिचा चेहरा लालबुंद झाला. "बाबा, सॉरी, ते… पार्लरची सवय. बायका ओल्या नखाला हात लावतात ना…"

बाबा आधी गालात हसले, मग खदखदून. इतके, की मुलगा आतून धावत आला. "काय झालं?"

"तुझ्या बायकोनं मला मारलं!" बाबा डोळे पुसत म्हणाले. "आणि बरोबर मारलं. बघ!"

औषध वाळत होतं, सुरकुत्या आपोआप ओढल्या जात होत्या, आणि चित्र कप्प्याच्या प्रत्येक खाचेत असं बसलं होतं की जणू रंगानंच काढलं असावं.

पुढे गाडी रुळावर आली. पट्ट्यांवरची अक्षरं बसली, नळकांड्यावरची सूचना बसली, तबकड्या एकेक करून खोबणीत बसल्या. मग बाबांनी कागद उलटसुलट केला. तेलाच्या तापमानाचं मीटर कुठेच नव्हतं.

सगळं घर जमिनीवर ओणवं झालं. मुलानं टॉर्च आणला, सतरंजी झटकली, खुर्चीचे पाय तपासले. शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, हलू नका," आणि त्यांच्या कोपराकडे बोट दाखवलं. तबकडी तिथे सदऱ्याच्या बाहीवर चिकटून, वाळून, तडकून बसली होती.

"झालं," मुलगा म्हणाला. "ती जागा काळी ठेवा. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल," बाबा म्हणाले.

सूनबाई आत गेली आणि आपली पार्लरची पेटी घेऊन आली. तिच्यातून तिनं दोनचार केसांचा एक ब्रश काढला. "गोल मी काढते. आकडे कुठे, काटा कुठे, ते तुम्ही सांगा. मला त्यातलं काही कळत नाही."

असं कोणी बाबांना विचारून फार दिवस झाले होते. ते सावरून बसले. "काटा डावीकडे, अगदी तळाशी. इंजिन गार आहे ना, गाडी उभी आहे. आणि वरच्या टोकाला लाल पट्टा, बारीक. हां, आणखी बारीक. तिथे काटा गेला की ड्रायव्हरनं गाडी थांबवायची."

ती भिंगाखाली वाकली. ब्रश टेकवायच्या आधी ती श्वास सोडायची आणि थांबायची, मगच रेघ ओढायची. शेवटी प्रत्येक तबकडीवर तिनं चकचकीत वार्निशचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब ठेवला, तशी मीटरांना काच आली. बाबांनी भिंगातून एकेक मीटर तपासलं. मग नुसतं "वा" म्हणाले. डेपोत त्यांच्या हाताखाली किती लोक आले नि गेले, पण हा "वा" फारच थोड्यांच्या वाट्याला आला होता.

मंडळाच्या प्रदर्शनात प्रत्येक गाडीपुढे एक पाटी असते. 'बनवणारे' या शब्दापुढे बाबांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'सासरा आणि सून'.

"सासरा आणि सून?" परीक्षक बाईंनी भुवया उंचावल्या. "हे काय नवीनच?"

"नवीनच आहे," बाबा म्हणाले. "आत बघा."

बाईंनी बारीक टॉर्च खिडकीला लावला आणि वाकल्या. वाकल्या त्या वाकूनच राहिल्या. "डिकॅल सुंदर बसलीयेत."

"एक सोडून," बाबा म्हणाले.

सूनबाईनं मागून त्यांची बाही ओढली. "बाबा, कशाला?"

"एक मीटर हातानं रंगवलंय. हिनं. कुठलं ते सांगा."

बाईंनी टॉर्च डावीकडून धरला, मग उजवीकडून. वर्षानुवर्षं पहिलं बक्षीस नेणारा, चष्म्याचं दुकान असलेला चष्मेवालाही आपलं भिंग घेऊन येऊन वाकला. "वेगाचं," तो म्हणाला. "नाही नाही, पेट्रोलचं!"

"तेलाचं," बाबा म्हणाले, आणि त्यांची छाती सदऱ्यात मावेना.

"तुमचा चष्मा मीच बनवलाय," चष्मेवाला कुरकुरला. "माझीच काच लावून मलाच फसवता?"

"मी कुठे? ही माझी सून. हिला चष्मा नाहीच."

पहिलं बक्षीस चष्मेवाल्यालाच मिळालं, कारण त्याच्या गाडीचा निळा रंग खरोखरच डोळे दिपवणारा होता. अंतर्भागाचं बक्षीस 'सासरा आणि सून' यांना मिळालं. नाव पुकारल्यावर सूनबाई जागची हलेना, तेव्हा बाबांनी तिला पुढे केलं आणि स्वतः मागे उभे राहून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. परतताना लोक तिला गाठून औषध कोणतं, ब्रश कुठला, विचारत होते. ती सांगत होती, आधी लाजत, मग हातवारे करत.

घरी येऊन चपला काढायच्या आत बाबांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, ऐक! अगं, शंभर लोक उभे होते गाडीभोवती!"

"वीस होते, बाबा," सूनबाई आतून ओरडली.

"शंभर," बाबांनी फोनवर हात ठेवून तिला दटावलं आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले.