तातडीचं नाही

"तातडीचं आहे का?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

हा शब्द ऐकला की लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाच्या कपाळाला आठी पडायची. जन्मभर लोकांनी त्याला तातडीचं म्हणून पळवलं होतं आणि जाऊन पाहावं तर लिफ्टमधला नुसता दिवा गेलेला. आपण त्यांतले नाही, याचा त्याला भारी अभिमान.

"तसं काही नाही हो. मुलगी जरा गप्प असते. कामावर जात नाही, खोलीतून बाहेर येत नाही."

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसून त्याने सकाळपासून फोनचा सपाटा लावला होता. विमा कंपनीने दिलेल्या नावांपैकी पहिले मानसोपचारतज्ज्ञ शहर सोडून गेले होते. दुसऱ्यांनी विमा घेणंच बंद केलं होतं. या तिसऱ्या दवाखान्यातल्या बाई "तुमचा विमा चालेल" म्हणाल्या, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल कधी बोललीये का?"

"छे छे. आमच्या घरात तसलं काही नाही."

खरं तर परवाच बोलली होती. पण पोटच्या पोरीबद्दल परक्या बाईला असलं सांगायला त्याची जीभ रेटेना. बाईंनी चार महिन्यांनंतरची तारीख दिली. त्याने वर त्यांचे आभार मानले.

संध्याकाळी घरात शिरताच त्याने बायकोला सांगितलं, "मिळाली एकदाची तारीख. विमापण चालतोय."

तारीख ऐकून भांडी घासणारे तिचे हात थांबले. "अहो, ती परवा काय बोलली ते सांगितलंत ना?"

"असं कसं सांगायचं? चार लोकांत..."

"चार लोक कुठले? एकच बाई होती ना फोनवर?"

मुलगी खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, परत लावा ना फोन. हो, बोललीये म्हणून सांगा."

कितीतरी दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं. लहानपणीही कधी हट्ट केला नाही. अगदी बापावर गेलेली. त्याला गलबलून आलं.

त्याने फोन लावला. दवाखाना बंद झाला होता. सोमवारी सकाळी फोन करा, असं टेपवरचा आवाज सांगू लागला. मुलगी चौकट धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"हो," तो म्हणाला. "माझीच मुलगी. हो, बोललीये तसं. मघाशी मी खोटं सांगितलं. तातडीचं आहे."

टेप संपून फोन कटला, तरी कानाला धरून तो बोलतच राहिला.