टाकी भरेना

गुरुदास मयेकर सव्वीस वर्षं तेलवाहू जहाजांवर पंपमन होता. निवृत्त होऊन तो मालवणच्या उत्तरेला, किनाऱ्यालगतच्या आपल्या गावी परतला आणि माडाच्या बागेत कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहता येणाऱ्या गाड्या, उभ्या करण्याची सोय केली. चिऱ्यांचे तुकडे ठोकून पक्की केलेली जागा, विजेचं कनेक्शन, एक न्हाणीघर आणि पाण्याचा नळ. बागेतली जुनी विहीर त्याने स्वतः उभं राहून खोल करून घेतली होती. आलेल्या प्रत्येकाला तो आधी ती विहीर दाखवायचा, मग समुद्र.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून सुशांत आणि आकांक्षा हे जोडपं आलं. दोघंही एकाच कॉलेजात शिकवत होती. गाडी पुण्याहून भाड्याने घेतलेली होती, आणि असल्या गाडीतून हिंडायची त्यांची ही पहिलीच वेळ. पहिली रात्र त्यांनी बाटल्यांतल्या पाण्यावर काढली. सकाळी नऊच्या सुमाराला सुशांतने सांगितलं की आजपासून तीन दिवस आडबाजूच्या किनाऱ्यांवर राहायचं आहे, तेव्हा टाकी इथेच गच्च भरून घेऊ. गुरुदासने रबरी पाइप ओढत आणला.

"काका, हे प्यायला चालेल ना?" आकांक्षाने विचारलं.

"गोडं पाणी आहे. खुशाल भरा," गुरुदास म्हणाला.

दोन वर्षं तो सगळ्यांना हेच सांगत आला होता, म्हणून शब्द तोंडातून आपसूक गेले. मग मात्र तो पाइपाचं टोक हातात धरून क्षणभर तसाच उभा राहिला.

आठ दिवसांपूर्वी सकाळी त्यांच्या घरात चहा फाटला होता. सावित्रीने, त्याच्या बायकोने, दूध जुनं असेल म्हणून तो ओतून दिला. दुसऱ्या दिवसापासून चहा नेहमीसारखा झाला. पण बागेत शिंपताना गुरुदासने एकदा नळाला तोंड लावलं होतं, आणि जिभेच्या कडेला काहीतरी वेगळं लागलं होतं. हातात साबणाचा फेसही धड होत नव्हता. किनाऱ्यावरच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, वरून फार उपसलं की खालचं खारं वर येतं, आणि खाऱ्या पाण्यात दूध फाटतं, हे त्या गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. दिवाळीपासून एकामागून एक गाड्या येत होत्या आणि पंप रोज दोन-दोन तास चालत होता. हे सगळं त्याला समजत होतं. तरी तो दर वेळी स्वतःला सांगे, आपली जीभच आता म्हातारी झाली.

त्याने पाइप टाकीच्या तोंडात घातला आणि पंप सुरू केला.

मिनिटभर पाणी व्यवस्थित गेलं. मग आतून गुडगुड आवाज आला आणि पाणी उलट उसळून सुशांतच्या अंगावर आलं. गाडीत लावलेला काटा पाव टाकीच दाखवत होता. पंप बंद केला, थोडं थांबून पुन्हा लावला. पुन्हा तेच. सुशांतने पुण्याच्या गाडीमालकाला फोन लावला. मालक म्हणाला की गाडीत काहीच दोष नाही, तिथल्या पाण्याला जोर नसेल. फोन स्पीकरवर होता. ते ऐकून गुरुदासचे कान तापले.

त्याने पाइप बाहेर काढून अंगणात सोडला. धार पार तुळशीपर्यंत गेली. मग तो हातभर अंतराने पाइप चाचपत गेला, कुठे पिळा पडलाय का ते बघत. पिळा नव्हता. पुढच्या जोडातली जाळी काढली, तिच्यात वाळूचे कण अडकले होते. ती ब्रशने साफ करून बसवली. पाणी पुन्हा उसळलं. गाडीचं नाक जरा उताराला होतं, म्हणून सुशांतकडून ती मागे घेववली आणि चाकाखाली फळी सरकवून समपातळीत आणली. काटा हलला नाही. काटाच खोटा दाखवत असेल, असं आकांक्षाला वाटलं. तेव्हा गुरुदास गाडीखाली उताणा सरकला आणि बोटांच्या पेरांनी टाकीवर खालून वर टकटक करत गेला. खाली आवाज भरीव येत होता, त्याच्या वर पोकळ. काटा खरं बोलत होता.

तासभर गेला. सुशांत ओशाळून पुन्हा पुन्हा माफी मागू लागला, तुमची सकाळ आमच्यापायी गेली म्हणाला. गुरुदासने हात हलवून ते उडवून लावलं. खरं म्हणजे टाकी भरत नव्हती याचं त्याला कुठेतरी बरंच वाटत होतं. नाहीच भरली तर ही माणसं कुठूनतरी दुसरीकडून पाणी घेतील, आणि आपल्याला काही बोलावं लागणार नाही. पण हातांना हे कोण सांगणार? जन्मभर अडलेलं तेल-पाणी वाहतं केलेले हात ते, समोर बिघाड असताना मांडीवर स्वस्थ पडून राहणं त्यांना जमत नव्हतं.

तेवढ्यात सावित्री कोकमाचं सरबत घेऊन आली. तिने टाकीच्या तोंडात खुपसलेला पाइप बघितला, मग गाडीखालून डोकावणाऱ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. पेले ठेवून ती आत गेली.

गुरुदासने सुशांतला पाण्याची बारीक धार सोडायला सांगितलं आणि आपण टाकीला कान लावला. पाणी आत शिरत होतं आणि त्याच वाटेने हवा बाहेर यायला धडपडत होती. म्हणजे हवेला दुसरी वाट नव्हती. जहाजावर प्रत्येक टाकीला हवेचा वेगळा पाइप असतो, तो बुजला की टाकी भरत नाही. इथेही तो कुठेतरी असणारच. शोधता शोधता मागच्या चाकाच्या आडोशाला बोटाएवढी एक नळी सापडली. तिचं तोंड वाळलेल्या मातीने गुळगुळीत लिंपलेलं होतं.

"कुंभारणीचं घर," तो म्हणाला.

त्याने तारेने ती माती हळूहळू कोरून काढली. कुंभारीण माशीने आत पिल्लांसाठी साठवलेल्या चार-पाच हिरव्या अळ्याही मातीबरोबर बाहेर पडल्या. आकांक्षा वाकून बघत राहिली. एवढ्याशा माशीने दीडशे लिटरची टाकी अडवून धरली, असं ती हसत म्हणाली. शेवटचा खडा निघाला तशी नळीतून फुस्स करून हवा सुटली. पंप सुरू केला. पाणी बिनबोभाट आत जाऊ लागलं आणि काटा डोळ्यांदेखत वर सरकू लागला.

सुशांतने टाळी वाजवली. आकांक्षा गाडीत जाऊन पातेलं घेऊन आली आणि पाइपाच्या जोडातून गळणाऱ्या धारेखाली धरलं.

"काका, आज तुम्ही आणि काकू आमच्याकडे जेवायचं," ती म्हणाली. "मी भात लावते. आमटी कोल्हापुरी, पण तिखट कमी घालीन."

गुरुदास पंपाच्या बटणापाशी गेला आणि त्याने ते बंद केलं.

"बाई, त्या पाण्याचा भात नको," तो म्हणाला. "पाणी खारं झालंय. आठ दिवस झाले."

दोघांनाही आधी नीट कळलंच नाही. आकांक्षाने पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. थोडंसंच खारट आहे, चालेल की, असं ती त्याचा चेहरा बघून म्हणाली. पण सुशांत गंभीर झाला होता.

"सकाळी तर तुम्ही गोडं म्हणालात."

"म्हणालो. चूक केली," गुरुदास म्हणाला. "मला तेव्हाही माहीत होतं. तीन दिवस तुम्ही हेच पिणार, ह्यातच शिजवणार. आज थोडं वाटतंय, उद्या पोटाला कळेल."

दोन तास ज्यासाठी खपलो ते पाणी हाच माणूस आता नको म्हणतोय, हे सुशांतच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गुरुदास पुन्हा गाडीखाली सरकला आणि टाकीच्या तळाची तोटी मोकळी केली. भरलेलं सगळं पाणी वाळूत वाहून गेलं. मग दारातून सावित्रीचा आवाज आला.

"हौसाबाईच्या बावीचा पाणी गोडा आसा. थयसून हाडूया."

हौसाबाई म्हणजे वरच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या कातळावर राहणारी त्यांची म्हातारी शेजारीण. तिच्या विहिरीपर्यंत गाडी जाण्याजोगा रस्ता नव्हता. गुरुदासने वीस लिटरचे दोन कॅन घेतले, सावित्रीने कळशी घेतली, आणि दोघं पायवाटेने वर निघाली. सुशांत आणि आकांक्षा आणखी दोन कॅन शोधून मागून येणार होती.

हौसाबाई अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. गुरुदासला बघून ती म्हणाली की बायको तर रोज उजाडता येते, आज तुला कशी आठवण झाली. गुरुदासने सावित्रीकडे बघितलं. ती रहाटाला दोर लावत होती, मान वर केली नाही.

पहिला कॅन त्याने काठोकाठ भरला.

"कधीपासून न्हेतंस?" त्याने विचारलं.

"चाय फाटली त्या दिसापासून."

"माका बोललंस नाय ता?"

सावित्रीने कळशी काठावर टेकवली. "तुमीय बोललात नाय," ती म्हणाली. "बागेत नळाक तोंड लावन थुंकलात, ता मिया बगलंय. माका वाटलां, तुमी आपणहून सांगशात. मगे सांगूक जीव होयना. बाव म्हणजे तुमचो जीव."

गुरुदास विहिरीत बघत राहिला. खोलवर आभाळाचा एक तुकडा हलत होता. आठ दिवस ही बाई अंधुक उजेडात हा चढ चढून पाणी नेत होती, आणि आठ दिवस आपण बरा झालेला चहा न विचारता पीत होतो. त्याला तिच्यापुढे ओशाळल्यासारखं झालं, आणि स्वतःची लाज त्याहून जास्त वाटली.

"चुकलंच माजा," तो म्हणाला. "लोकांका ताच पाणी देय होतंय, ता तर खूपच वायट."

"थांबवलात ना आज," सावित्री म्हणाली. तिने दोर पुन्हा खाली सोडला.

चौघांनी मिळून सात कॅन पाणी खाली नेलं. शेवटच्या फेरीला सुशांतचा राग घामाबरोबर थोडा उतरला असावा, कारण हौसाबाईने दिलेला ओल्या काजूगरांचा वाटा त्याने गुरुदासपुढेही धरला. गुरुदासने नरसाळ्यावर धुतलेलं फडकं बांधलं आणि एकेक कॅन टाकीत रिकामा केला. सुशांतला त्याने मागे चाकापाशी बसवून हवेच्या नळीपुढे तळहात धरायला लावलं. हवा येतेय का, असं तो मधून मधून विचारी, आणि सुशांत येतेय म्हणून सांगे. शेवटी गुरुदासने मच्छरदाणीचा बोटभर तुकडा नळीच्या तोंडावर दोऱ्याने घट्ट बांधला. हवा जाईल, माशी जाणार नाही. महिन्याभराने तो काढून धुवायचा, हेही समजावलं. आकांक्षाने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

जेवण गाडीबाहेर माडाच्या सावलीत झालं. आमटी तिखटच झाली होती. सावित्रीने डोळे पुसत दोनदा मागून घेतली. निघताना सुशांत गाडीची चावी हातात खेळवत जरा घुटमळला. मग म्हणाला की ह्या जागेबद्दल लोक आम्हाला विचारतील, तेव्हा पाण्याचं आम्ही खरं तेच सांगू.

"सांगा," गुरुदास म्हणाला. "तेच बरोबर."

गाडी गेल्यावर त्याने पंपाची वेळ ठरवली. सकाळी अर्धा तास, फक्त माडांपुरता आणि न्हाणीपुरता. विहिरीला विश्रांती मिळाली तर पाणी पुन्हा सुधारतं, असं जुनी माणसं सांगत. सुधारेल की नाही, सुधारलंच तर कधी, हे तो स्वतःलासुद्धा छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हता. मग तो पडवीत बसला आणि मे महिन्यात यायच्या बाकीच्या लोकांना एकेक करून फोन लावू लागला. सावित्री शेजारी नारळ सोलत बसली होती.

बेळगावच्या सलोनीने शांतपणे ऐकून घेतलं आणि आम्ही दुसरीकडे बघतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या एकाने तर अर्ध्यातच फोन ठेवला. सावित्रीने विचारलं, तेव्हा गुरुदासने दोन्ही गिऱ्हाइकं गेल्याचं सांगितलं. ती हं म्हणाली आणि पुढचा नारळ घेतला.

तिसरा फोन सांगलीच्या धनेशला. तो शुक्रवारी बायको-मुलांना घेऊन यायचा होता. विहीर खारावली आहे, टाकी वाटेत कणकवलीला भरून आणावी लागेल, इथे वापरायला पाणी मिळेल पण प्यायला नाही, असं गुरुदासने सरळ सांगितलं. मग धनेशने विचारलं की मुलांना समुद्रात डुंबायला कुठली वेळ बरी, त्यांना पोहता येत नाही. गुरुदासने भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघितली, भरती-ओहोटीच्या वेळा सावकाश सांगितल्या, आणि धनेश लिहून घेईपर्यंत फोन धरून थांबला.